डावखुऱ्या पुलियमचा चेहरा

हॅडलीच्या वाचनालयात कुणी नवखा माणूस चौकशीच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, की आर्डिस लिंडग्रेन चष्मा डोक्यावर सरकवायची आणि एकच वाक्य म्हणायची, “विषय सांगू नका, काय जाणून घ्यायचंय ते सांगा.” माणूस गडबडायचा, मग अडखळत काहीतरी बोलायचा. तेही खरं नसायचं. खरं काय ते साधारण तिसऱ्या खेपेला बाहेर पडायचं, आणि तोवर आर्डिस पेपरमिंटची गोळी चघळत शांत बसून असायची. पहिला प्रश्न हा कधीच खरा प्रश्न नसतो, हे तिच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. ते तिने एकदाच, फक्त एकदाच गुंडाळून ठेवलं. त्याचीच ही हकिकत आहे.

हॅडली हे आयोवातलं, मिसिसिपीच्या काठावरचं गाव. चार चर्चं, दोन खानावळी, आणि टेकडीवर चुनखडीच्या दगडांचा तुरुंग. गावात त्याला तुरुंग कुणी म्हणत नाही, टेकडी म्हणतात. निम्मं गाव टेकडीवर नोकरीला आणि उरलेलं निम्मं त्या नोकरांना जोडे, पाव आणि विमा विकायला. आर्डिसचा बाप तिथे पहारेकरी होता. घरी आला की दारातच बूट काढायचा आणि टेकडी बुटांबरोबर दाराबाहेर ठेवायचा. जेवताना हवा, बटाटे, शेजाऱ्याचा कुत्रा असल्या विषयांवर बोलणं चाले. टेकडीचं नाव नाही. आई विचारायची नाही, मुलीनेही कधी विचारलं नाही.

बापाने जे सांगितलं नाही ते पोरीने कागदांतून गोळा केलं, असं म्हणायला हरकत नाही. वाचनालयात लागल्यापासून टेकडीबद्दलचा एकही कपटा तिने हातचा जाऊ दिला नव्हता. पुढे संगणक आले तेव्हा वाचनालयाच्या संकेतस्थळावर तिने एक पान तयार केलं: अमेरिकेतल्या तुरुंगांचा शोध घेणाऱ्यांसाठी. तुरुंगाधिकाऱ्यांचे जुने वार्षिक अहवाल कुठे वाचायला मिळतात, सरकारी आकडे कुठल्या तक्त्यात आणि त्यांतल्या कुठल्यांवर विश्वास ठेवू नये, न्यायालयांचे निकाल फुकट कुठे मिळतात, कैद्यांनी स्वतः काढलेली वर्तमानपत्रं कुठल्या विद्यापीठाने स्कॅन करून ठेवलीत, सगळं त्या पानावर. दूरदूरच्या विद्यापीठांतली पोरं तिला आभाराची पत्रं पाठवत. तिला अभिमान होता, आणि का नसावा? लग्न केलं नाही, मूल नाही, मांजर होतं तेही शेजारी राहायला गेलं. हे पान मात्र तिचं होतं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी रोझेटा बीमन त्या टेबलापाशी आली. वय सत्तरीच्या पुढे, रंगाने काळी, अंगावर चर्चला जातानाचा निळा कोट, हातात कोरी वही आणि नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिली. राज्यातल्याच वॉटर्लू शहराहून एकटी गाडी चालवत आली होती. उभं आयुष्य तिने तिथली शहर बस चालवली होती, त्यामुळे त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

“मला पन्नास ते साठ सालातल्या तुरुंगांचा अभ्यास करायचाय,” ती म्हणाली. “टेकडीचा विशेष.”

आता इथे चष्मा डोक्यावर जायला हवा होता. पण झालं असं, की आयुष्यभर ज्या पाहुण्याची वाट पाहत फराळ करून ठेवावा तोच नेमका दारात उभा राहिला. आर्डिस हरखली. ‘काय जाणून घ्यायचंय’ हे विचारायचं राहून गेलं. तिने अहवाल काढले, तक्ते काढले, संगणकावर चार खिडक्या उघडून दिल्या आणि उत्साहाने बोलत सुटली. रोझेटाने सगळं मुकाट्याने ऐकलं आणि वाचायला बसली. टेकडीवरच्या कैद्यांनी कुठल्या साली किती बटाटे पिकवले, किती जोडे शिवले, किती कांबळी विणली, ते ती वहीत उतरवून घेऊ लागली.

खिडकीजवळच्या खुर्चीत व्हर्ल हॉस्टेटर बसलेला असायचा. शहाऐंशी वर्षांचा, टेकडीवरून निवृत्त झालेला पहारेकरी. रोज येऊन सगळी वर्तमानपत्रं वाचणार, मृत्यूच्या बातम्या दोनदा. आर्डिसच्या बापाच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली होती.

“आणखी एक आली वाटतं,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “लिहा बाई, लिहा. आम्ही सगळे राक्षस होतो म्हणून लिहा. तेवढं लिहिल्याशिवाय पदवी देत नाहीत म्हणे.”

“व्हर्ल, तोंड आवरा,” आर्डिस म्हणाली.

“तोंडच उरलंय, पोरी. गुडघे तर केव्हाच राजीनामा देऊन बसलेत.”

रोझेटाने मान वर केली नाही. बस चालवणाऱ्या बाईने याहून वाईट ऐकलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने वही मिटली. “एक विचारू?” ती म्हणाली. “या सगळ्या आकड्यांत माणूस कुठल्या रकान्यात असतो हो?”

आर्डिसच्या तोंडातली गोळी तशीच राहिली. आपण काय करून बसलो ते तिला त्या क्षणी कळलं. इतक्या वर्षांत एकाही शाळकरी पोराच्या बाबतीत जी चूक केली नाही, ती या बाईच्या बाबतीत केली होती. तिने चष्मा वर सरकवला, खुर्ची ओढून रोझेटाच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, “माझं चुकलं. मी तुम्हाला विचारलंच नाही. तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?”

रोझेटाने पेन्सिली वहीवर एका रेषेत लावून ठेवल्या. मग म्हणाली, “माझा बाप कसा दिसायचा.”

बाप म्हणजे क्लीओटिस पुलियम. रोझेटा दोन वर्षांची असताना तो टेकडीवर गेला. एका दुकानातल्या दरोड्यात सापडला होता, आणि गुन्हा त्याने केलेलाच होता, त्यात शंका नव्हती. आठ वर्षांनी, अठ्ठावन्न साली, न्यूमोनियाने तिथेच वारला. ज्या दिवशी त्याला शिक्षा झाली त्या दिवशी रोझेटाच्या आईने त्याचा प्रत्येक फोटो चुलीत घातला, लग्नाचासुद्धा. माहेरचं आडनाव लावलं, मुलीलाही तेच लावलं, आणि पुन्हा त्याचं नाव तोंडातून काढलं नाही.

“आई गेली गेल्या वर्षी. ती होती तोवर शोधायची हिंमत नव्हती,” रोझेटा म्हणाली. “मला त्याचा चेहरा बघायचाय. एकदाच. मग मी जाते मुकाट्याने घरी. तो चांगला होता असं कुणी सांगावं असंही नाही माझं म्हणणं. आरशात बघते ना मी, तेव्हा आईचं काय काय आहे ते कळतं. बाकीचं कुणाचं, ते कळत नाही.”

खिडकीजवळ वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला नाही.

आर्डिस कामाला लागली. कैद्याची मूळ फाइल राज्याच्या राजधानीहून मागवावी लागते, आणि नातं सिद्ध करावं लागतं. रोझेटा वॉटर्लूला परतली, जन्मदाखला धाडला, आणि नाताळच्या आधी फाइलीची प्रत आली. उंची, वजन, हातावरच्या जखमेची खूण, सगळं होतं. फोटो चिकटवायच्या जागी डिंकाचा पिवळा चौकोन तेवढा होता. कुणी केव्हा उपटून नेला, देव जाणे. आर्डिसने फोनवर ते सांगितलं तेव्हा पलीकडून नुसतं “बरं” आलं.

मग तिने कैद्यांचं वर्तमानपत्र धुंडाळलं. टेकडीवर त्या काळी कैदी स्वतःचं मासिक पत्र छापायचे, आणि त्याचे सगळे अंक आता संगणकावर होते. पुलियम हे नाव टाकलं. काही नाही. क्लीओटिस टाकलं, काही नाही. सगळ्या प्रकारे टाकून पाहिलं. तिने हात टेकले आणि पुन्हा वॉटर्लूला फोन लावला.

“त्याच्याबद्दल काहीही आठवतं का? काहीही चालेल.”

“मी दोन वर्षांची होते हो.”

“आई कधी चुकून काही बोलली असेल.”

रोझेटा कडवट हसली. “बोलायची कुठली! फटके द्यायची. मी डावखुरी होते. डाव्या हातात खडू धरला की ती हातावर पट्टी मारायची, आणि एकदा तर डावा हात चिंधीने खुर्चीला बांधून ठेवला होता. ‘त्याच्यासारखी होशील’ म्हणायची. शेवटी उजव्याने लिहायला शिकले मी. आजही अक्षर बघा, कोंबडीचे पाय.”

आर्डिसने फोन ठेवला आणि थोबाडीत बसल्यासारखी स्वस्थ बसली. कैदी एकमेकांना फाइलीतल्या नावाने कुठे हाक मारतात? टोपणनाव असतं प्रत्येकाला. यंत्र नाव शोधतं, माणूस शोधत नाही. आणि दुसरं म्हणजे, आपण हा माणूस शिक्षांच्या, तक्रारींच्या, कोर्टाच्या पानांत शोधत बसलो. तुरुंगात गेलेल्याला गुन्ह्यातच शोधायचं, ही टेकडीखालच्यांची खोडच आहे. आठ वर्षं कुणी नुसता गुन्हा करत बसतं का? तिने शोधाची चौकट बंद केली आणि एकेक अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला घेतला.

तो खेळांच्या पानावर होता.

टेकडीचा बेसबॉलचा संघ होता, आणि उन्हाळ्यात दर रविवारी गावातले, आसपासचे संघ भिंतीच्या आत येऊन त्यांच्याशी खेळत. पानाचा संपादक मोठा खट होता. ‘यंदाही आपण आपले सर्व सामने घरच्या मैदानावरच खेळणार, याची चाहत्यांनी नोंद घ्यावी,’ असं तो दर मोसमाच्या सुरुवातीला न चुकता छापायचा. आणि त्याच पानावर होता लेफ्टी, म्हणजेच डावखुरा. लेफ्टीने पोस्टवाल्यांना पाणी पाजलं. लेफ्टीचा चेंडू हॅडलीकरांच्या बॅटला दिसेचना. लेफ्टीला ताप, सामना गेला. मग अठ्ठावन्नच्या मार्चमधला अंक, काळ्या चौकटीतल्या, यंत्राला वाचता न आलेल्या दोन पुसट ओळी: ‘आपला लेफ्टी, क्लीओटिस पी., इस्पितळात वारला. गावकऱ्यांनी आता निर्धास्त यावं.’

आर्डिस त्या ओळीपाशी रडली, हे सांगायला मला काही संकोच नाही. तिला कुणी पाहिलं नाही, एवढंच.

त्या पत्रात फोटो नव्हते. तेवढी ऐपत नव्हती त्यांची. पण सत्तावन्नच्या ऑगस्टमधल्या अंकात लिहिलं होतं, की हॅडलीच्या संघाबरोबर एकत्र फोटो काढला आणि तो गावच्या वर्तमानपत्रात येणार आहे. गावचं वर्तमानपत्र संगणकावर नव्हतं. ते होतं वाचनालयाच्या तळघरात, मायक्रोफिल्मच्या रिळांवर. आर्डिसने रोझेटाला बोलावून घेतलं. जानेवारीतला शुक्रवार होता. यंत्र वर वाचनकक्षात आणून ठेवलं होतं, कारण तळघरात ऊब देणारी भट्टी बंद पडली होती.

रीळ फिरत गेलं. जाहिराती, लग्नं, मक्याचे भाव, आणि मग खेळांचं पान. दोन रांगा. पुढे गुडघे टेकून हॅडलीचा संघ, मागे उभा टेकडीचा संघ. रोझेटाने नाक जवळजवळ काचेला लावलं.

मायक्रोफिल्म काढणारे कॅमेरा अक्षरांसाठी लावायचे. अक्षर काळंभोर, कागद पांढराफेक, मधलं काही उरत नाही. पुढच्या रांगेतल्या गोऱ्या माणसांना निदान भुवया होत्या. मागच्या रांगेतला प्रत्येक काळा माणूस म्हणजे टोपी, सदरा, आणि टोपीच्या खाली शाईचा एक गोल. आर्डिसने प्रकाश वाढवला, कमी केला, भिंग बदललं. शाईचा गोल तो शाईचा गोलच.

“मूळ अंक?” रोझेटाने विचारलं.

“फिल्म आली तेव्हा टाकून दिले. सगळ्यांनीच टाकले तेव्हा. जागा अडत होती.” आर्डिसला तिच्याकडे बघवेना.

रोझेटा मागे टेकून बसली. डोळे कोरडे होते. “आई जिंकली,” ती म्हणाली. “साठ-सत्तर वर्षं झाली, मेली, पुरली, तरी आईच जिंकली. मला वाटलं होतं निदान चेहरा तरी माझ्या वाट्याला येईल.”

कुणीतरी खाकरलं. व्हर्ल हॉस्टेटर काठी टेकत खुर्चीतून उठला होता आणि त्यांच्या मागे येऊन पडद्याकडे बघत उभा होता.

“या डबड्यात काय बघताय?” तो म्हणाला. “हा फोटो हॉलमध्ये लटकतोय की.”

“कुठल्या हॉलमध्ये?”

“कुठल्या म्हणजे? जुन्या सैनिकांच्या. कॉफीच्या भांड्याच्या वर. दर शुक्रवारी त्याच्याखाली बसून मासे खातेस तू, लिंडग्रेनच्या पोरी. सगळ्या अमेरिकेला पत्ते सांगतेस, आणि स्वतःच्या डोक्यावर काय टांगलंय ते बघितलं नाहीस होय?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. आर्डिस रागावून म्हणाली, “ऑक्टोबरापासून इथे बसून ऐकताय तुम्ही! बोलला का नाहीत?”

“तुम्ही हा फोटो शोधताय, हे आज कळलं मला. आणि तोवर...” व्हर्लने काठी या हातातून त्या हातात घेतली. “तोवर वाटलं, कुणीतरी आमची लक्तरं वेशीवर टांगायला आलंय. बाप हरवलेली पोर आलीय, हे कानांवर पडलं होतं माझ्या, नाही असं नाही. पण तेव्हा बोललो असतो, तर पुढचंही बोलावं लागलं असतं.” तो रोझेटाकडे वळला. “दोन वर्षं मी त्याच्या कोठडीच्या मजल्यावर होतो, बाई. ताप आला तेव्हाही मीच होतो. मी वर कळवलं. दोनदा कळवलं. तिसऱ्यांदा कळवायला हवं होतं.”

रोझेटाने कोटाची बटणं लावली. “चला,” ती म्हणाली, “आधी फोटो.”

हॉलमध्ये संध्याकाळच्या जेवणाची तयारी चालली होती. कॅटफिश मक्याच्या पिठात घोळवून तळायला टाकले होते, कोबीच्या कोशिंबिरीच्या वाट्या मांडल्या होत्या. कॉफीच्या भांड्याच्या वर, ध्वजाशेजारी, एक चौकट होती खरी. पण काचेवर इतक्या शुक्रवारांच्या तेलाची पुटं चढली होती, की आत मध दिसतोय की माणसं ते सांगता येऊ नये. आर्डिस खुर्चीवर चढली, व्हर्लने खुर्ची धरली. फोटो टेबलावर आला. रोझेटाने वाट्या बाजूला सारल्या.

कागदी रुमालाने तेल नुसतं पसरलं. तेव्हा आर्डिसने माशांबरोबरची लिंबाची फोड उचलली आणि काचेवर घासायला सुरुवात केली. पुढच्या रांगेतले गावकरी निघाले, एक पाव विकणारा, एक दात काढणारा. खाली त्यांची सगळ्यांची नावं टंकलेली होती. त्याच ओळीच्या शेवटी ‘मागे उभे: टेकडीचा संघ’. बस, एवढंच. मैदान त्यांचं, पाहुणे गावचे, आणि नावं फक्त पाहुण्यांची.

“कुणाच्या उजव्या हातात हातमोजा आहे ते बघा,” व्हर्ल म्हणाला. “डाव्याने टाकणारा मोजा उजव्यात घालतो.”

आर्डिसने लिंबू मागच्या रांगेवरून सावकाश फिरवलं. डावीकडून तिसरा. उजव्या हातात मोजा. टोपी जरा मागे सारलेली, ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून एक डोळा बारीक केलेला, आणि फोटो काढणारा काहीतरी गमतीचं बोलला असावा असं ओठांच्या एका कोपऱ्यात हसू.

रोझेटा बघत राहिली. मग तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, आणि तो हसण्याचा होता हे कळायला त्या दोघांना क्षण लागला.

“हे कान!” ती म्हणाली. “देवा रे, हे कान! माझ्या टेरेन्सचे कान. चाळीस वर्षं मी नवऱ्याला टोमणे मारले, तुझ्या घराण्याचे हे सुपासारखे कान माझ्या लेकराला लागले म्हणून. बिचारा तसाच गेला ऐकून घेत.” आणि मग ती रडायला लागली, दोन्ही हात टेबलावर तसेच ठेवून.

माशांचं ताट घेऊन येणारी बाई ताट घेऊन तशीच मागे फिरली. व्हर्लने टोपी काढली होती.

“घेऊन जा हा,” तो म्हणाला. “मी बघतो कोण नाही म्हणतं ते.”

रोझेटाने डोळे पुसले आणि मान हलवली. “याची एक प्रत काढून द्या मला. हा इथेच राहू दे. आठ वर्षं तो भिंतीच्या आत होता. इथे निदान भिंतीच्या बाहेर आहे, चार माणसांत आहे.” मग तिने आर्डिसकडे हात पुढे केला. “पेन द्या.”

आर्डिसने चौकटीची मागची पट्टी काढली, फोटो बाहेर घेतला आणि पेन दिलं. रोझेटाने ते सवयीने उजव्या हातात घेतलं. थांबली. मग डाव्या हातात घेतलं.

बोटांना काही आठवत नव्हतं. पेन घसरलं, पहिलं अक्षर ओळ सोडून वर चढलं, दुसरं पहिल्यावर कोसळलं. पहिलीतल्या पोरासारखी जीभ दातांत धरून ती लिहीत राहिली. ‘टेकडीचा संघ’च्या पुढे, उरलेल्या कोऱ्या जागेत, वाकडंतिकडं पण पुरं नाव उमटलं: क्लीओटिस पुलियम.

तिने शाईवर फुंकर घातली.

“आता लावा वर,” ती म्हणाली. “फक्त त्या कॉफीच्या भांड्यापासून जरा लांब.”